बॉयलरच्या नेमप्लेटवरचं ‘एफ अँड ए १००’: वाफेचा हिशेब पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

इचलकरंजी, सोलापूर किंवा भिवंडीच्या एखाद्या डाइंग युनिटमध्ये नव्याने लागलात की पहिल्या महिन्यातच एक वाद ऐकू येतो. मशीनवाले म्हणतात, स्टीम पुरत नाही. बॉयलरवाले म्हणतात, बॉयलर तीन टनी आहे, फुल फायरिंगवर चाललाय, अजून काय करू? मालक दोघांकडे बघतो आणि शेवटी बॉयलर विकणाऱ्याला शिव्या घालतो. बहुतेक वेळा तिघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं. नेमप्लेटवर ‘३ टीपीएच’ (तासाला तीन टन) च्या पुढे बारीक अक्षरांत ‘एफ अँड ए १०० डिग्री सें.’ असं लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचलेलं नसतं, एवढंच.

हा लेख त्या बारीक अक्षरांसाठी आहे. तुम्ही बॉयलर अटेंडंट असाल, युटिलिटी विभागात नवे इंजिनिअर असाल किंवा पहिला बॉयलर घ्यायला निघालेले उद्योजक, खालचा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने करा. दहावीच्या विज्ञानापलीकडचं यात काही नाही.

हाताशी काय काय हवं

- नेमप्लेटचा स्वच्छ फोटो. बॉयलरची आणि बर्नरची नेमप्लेट वेगळी असते, दोन्ही घ्या.
- स्टीम टेबल, म्हणजे कुठल्या दाबाच्या वाफेत किती उष्णता असते त्याचा तक्ता. छापील चालेल, मोबाइलवरचं चालेल, पण त्यात दाब गेजचा आहे की अ‍ॅब्सोल्यूट (वातावरणाचा दाब मिळवलेला), हे आधी बघा.
- फीड टँकमध्ये (बॉयलरला पाणी जातं त्या टाकीत) बुडवता येईल असा थर्मामीटर. टाकीवर बसवलेल्या डायलवर डोळे झाकून विसंबू नका. बरेचसे बंद पडलेले असतात आणि रोज तोच आकडा लॉगबुकात उतरत राहतो.
- फीड लाइनवरच्या पाण्याच्या मीटरची आणि इंधनाची मागच्या काही आठवड्यांची नोंद.
- साधा कॅल्क्युलेटर.

१. आधी शब्द नीट समजून घ्या

‘एफ अँड ए’ म्हणजे ‘फ्रॉम अँड अ‍ॅट’. ‘फ्रॉम १००’ म्हणजे बॉयलरमध्ये येणारं पाणी आधीच १०० अंशांवर आहे असं धरलंय. ‘अ‍ॅट १००’ म्हणजे निघणारी वाफसुद्धा १०० अंशांवरच, वातावरणाच्या दाबाला, निघतेय असं धरलंय. मग बॉयलरला काम काय उरतं? पाणी तापवायचं नाही, दाब चढवायचा नाही, फक्त उकळत्या पाण्याची वाफ करायची. दहावीला ‘बाष्पनाचा अप्रकट उष्मा’ शिकलात, तोच हा. एका किलोला ५४० किलोकॅलरी. (टेबलात ५३९ सापडेल. धंद्यात सगळे ५४० धरतात, आपणही तेच धरू.)

प्रत्यक्षात असा बॉयलर कुणी चालवत नाही. तुमची वाफ ७ किंवा १० किलोच्या (चौरस सेंटिमीटरला) दाबाला हवी असते आणि पाणी येतं बोअरचं किंवा सॉफ्टनरचं, ३० अंशांचं. म्हणजे ‘३ टीपीएच एफ अँड ए’ हा वाफेच्या वजनाचा आकडा नाहीच. तो उष्णतेचा आकडा आहे, टनांचे कपडे घातलेला. ३,००० किलो गुणिले ५४०, म्हणजे तासाला १६ लाख २० हजार किलोकॅलरी. बॉयलर तुम्हाला देतो ते एवढंच. त्यातून किती किलो वाफ निघते ते तुमच्या पाण्यावर आणि दाबावर ठरतं.

मग हा असा उफराटा आकडा लिहितात तरी कशाला? कंपन्यांनी फसवायला काढलेली युक्ती आहे, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. एक बॉयलर गरम पाण्यावर तपासला आणि दुसरा थंड पाण्यावर, तर दोघांची तुलना कशी करणार, हा प्रश्न वाफेच्या इंजिनांच्या काळापासूनचा आहे. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनात बॉयलर तपासताना एक माप ठरवलं गेलं: १०० फॅरनहाइटच्या पाण्यापासून ७० पौंड दाबाला तासाला ३० पौंड वाफ म्हणजे एक बॉयलर हॉर्सपॉवर. तेच माप ‘फ्रॉम अँड अ‍ॅट’ मध्ये मांडलं की साडेचौतीस पौंड, म्हणजे १५.६५ किलो होतं. १०० अंशांचं पाणी आणि १०० अंशांची वाफ ही सगळ्यांसाठी सारखीच. म्हणून तुलनेला ती सोयीची. अट एकच, तो आकडा तुलनेपुरता वापरायचा. शोरूममध्ये सांगितलेलं मायलेज आणि घाटात मिळणारं मायलेज यांत फरक असतो, तसलाच हा प्रकार आहे.

जाता जाता: पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून पुण्याच्या बॉयलरला वेगळं ‘एफ अँड ए’ लागतं का, असा प्रश्न मला एका ट्रेनीने विचारला होता. लागत नाही. हा १०० समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबाचा ठरलेला १०० आहे. पण प्रश्न चांगला होता.

२. नेमप्लेट वाचा, आणि काय लिहिलेलं नाही तेही वाचा

नेमप्लेटवर किंवा माहितीपत्रकात साधारण तीन प्रकार दिसतील.

‘३ टीपीएच एफ अँड ए १००’ असेल तर हिशेब वरचाच.

‘२,५०० किलो प्रति तास, १०.५४ किलो दाब, फीड ३० अंश’ असं असेल तर तो प्रत्यक्ष वाफेचा आकडा आहे. त्याला पुन्हा कापू नका.

नुसतंच ‘३ टन’ असेल तर विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्या. आपल्याकडच्या लहान आणि मध्यम पॅकेज बॉयलरमध्ये बहुधा ‘एफ अँड ए’ च अभिप्रेत असतं, पण ‘बहुधा’ वर ऑर्डर काढायची नसते.

जुना परदेशी बॉयलर असेल तर ‘२०० बीएचपी’ (बॉयलर हॉर्सपॉवर) दिसेल. त्याला १५.६५ ने गुणा, ३,१३० किलो ‘एफ अँड ए’ झाले. ही हॉर्सपॉवर मोटारीची नव्हे. मोटारीचा एक एचपी पाऊण किलोवॅटचा, बॉयलरचा एक एचपी ९.८१ किलोवॅट उष्णतेचा. हे दोन एकमेकांत मिसळले की तेरा पटींची चूक होते.

साखर कारखान्यातून आलेल्या माणसाला हे सगळं नवीन वाटतं, कारण तिकडे ‘एफ अँड ए’ चा उल्लेखच नसतो. तिथले मोठे बॉयलर टर्बाइनसाठी सुपरहीटेड (उकळबिंदूच्याही वर तापवलेली) वाफ देतात आणि त्यांची क्षमता ठरावीक दाबाला, ठरावीक तापमानाला, सलग किती टन वाफ निघेल अशीच सांगतात. दोन्हीकडचे टन एकाच कागदावर मांडून तुलना करू नका.

३. तुमची खरी वाफ काढा

सूत्र एका ओळीचं आहे:

प्रत्यक्ष वाफ = ‘एफ अँड ए’ क्षमता × ५४० ÷ (वाफेची एकूण उष्णता − फीड पाण्याचं तापमान)

वाफेची एकूण उष्णता स्टीम टेबलातून घ्यायची, किलोकॅलरी प्रति किलोमध्ये. पाण्याचं तापमान अंशांत घेतलं की तीच त्याची किलोकॅलरी, वेगळं काही काढावं लागत नाही.

समजा दाब ७ किलो, गेजवरचा. टेबलात बघताना त्यात वातावरणाचा साधारण एक किलो मिळवा, म्हणजे ८ किलो अ‍ॅब्सोल्यूट. वाफेची एकूण उष्णता मिळते ६६१. आता तीन टनी बॉयलरसाठी:

- फीड ३० अंश: ६६१ − ३० = ६३१. वाफ तासाला २,५६७ किलो.
- फीड ६० अंश: ६०१. वाफ २,६९५ किलो.
- फीड ८५ अंश: ५७६. वाफ २,८१२ किलो.

तीन टनांचा बॉयलर थंड पाण्यावर अडीच टनांच्या थोडा वर आहे, आणि त्यात कुणाचाही दोष नाही. आता दाब ७ वरून १०.५ करून बघा. एकूण उष्णता ६६१ ची फक्त ६६४ होते आणि वाफ २,५६७ वरून २,५५५ वर येते. बारा किलोंचा फरक. ‘प्रेशर वाढवलं म्हणून स्टीम कमी पडतेय’ असं कुणी म्हणालं तर हे दोन आकडे त्याच्यासमोर ठेवा. आकडा हलवतं ते फीडचं पाणी, दाब नव्हे.

मग तीनच्या तीन टन कधी मिळतील? फीड १२१ अंशांवर असेल तेव्हा. साध्या उघड्या टाकीत ते होणार नाही.

इथे एक खाच आहे. बॉयलरला इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेवर फीडचं पाणी तापवणारा भाग) असेल तर तापमान कुठलं धरायचं? नेमप्लेटची क्षमता इकॉनॉमायझर धरून दिली असेल तर त्याच्या आत जाणाऱ्या पाण्याचं. इकॉनॉमायझर नंतर वेगळा बसवला असेल तर त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं. एकच फायदा दोनदा मोजलेले हिशेब मी बरेच पाहिलेत, आणि तेही छापील कोटेशनमध्ये.

४. पाण्याच्या मीटरवरून पडताळा घ्या, पण मीटरला देव मानू नका

कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष यांचा मेळ घालायला एक पूर्ण शिफ्ट घ्या. सुरुवातीला आणि शेवटी गेज ग्लासमधली पाण्याची पातळी एकाच खुणेवर, दाबही तोच. मधल्या काळात मीटरवर गेलेलं पाणी वजा ब्लोडाउन (क्षार साठू नयेत म्हणून बॉयलरमधून सोडून दिलेलं पाणी), भागिले तास. सरळ वाटतं, पण घोटाळे इथेच होतात.

पहिला घोटाळा ब्लोडाउनचा. ते कुणी मोजत नाही, आणि मीटरचा सगळा आकडा वाफेच्या खात्यावर जमा होतो.

दुसरा जास्त फसवा आहे, ओल्या वाफेचा. समजा वाफेबरोबर पाच टक्के पाणी वाहून येतंय. त्या पाण्याने अप्रकट उष्मा घेतलेलाच नाही, त्यामुळे तेवढ्याच आगीत बॉयलरमधून जास्त वजन बाहेर पडतं. वरच्याच उदाहरणात मीटर २,५६७ च्या जागी सुमारे २,६७० दाखवेल. फायरमन खूश, रिपोर्ट छान. पण त्यातली कोरडी वाफ २,५३७ च, म्हणजे आधीपेक्षा कमी, आणि उरलेलं १३०-१३५ किलो गरम पाणी तुमच्या लाइनमध्ये आदळत, ट्रॅप (लाइनमधलं पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) भरत, मशीनपर्यंत चाललंय. मीटर अचानक चांगला आकडा दाखवायला लागला तर आनंद मानण्याआधी बॉयलरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) तपासा, पातळी गरजेपेक्षा वर ठेवलीय का ते बघा, आणि मेन व्हॉल्व्ह एकदम उघडला जातोय का तेही.

तिसरं, बर्नर. १६ लाख २० हजार किलोकॅलरी बाहेर काढायच्या तर ८५ टक्के कार्यक्षमतेला आत साधारण १९ लाख घालाव्या लागतात. एलडीओचा (लाइट डिझेल ऑइल) उष्मांक किलोला १०,७०० धरला तर तासाला १७८ किलो तेल झालं. तुमचा बर्नर फुल फायरिंगला १५० किलोच जाळत असेल, नोझल लहान बसवलं म्हणून किंवा धूर येतो म्हणून कुणी कमी करून ठेवलं म्हणून, तर तो बॉयलर आज अडीच टन ‘एफ अँड ए’ चाच आहे आणि प्रत्यक्ष वाफ २,१६० किलोच्या आसपास. नेमप्लेट बदलत नाही, बर्नरचं सेटिंग बदलतं. वाद ‘स्टीम पुरत नाही’ वर आला की मी आधी तासाचं तेल विचारतो, त्यातच अर्धं उत्तर असतं.

५. तुमची गरज ‘एफ अँड ए’ मध्ये मांडा

आता उलटा हिशेब, नवा बॉयलर घेणाऱ्यांसाठी. एक डाइंग मशीन घ्या: २,००० लिटर पाणी, ३० वरून ९० अंशांवर, अर्ध्या तासात न्यायचं. उष्णता २,००० × ६० = १ लाख २० हजार किलोकॅलरी. कॉइलमधून तापवत असाल तर वाफ आपला अप्रकट उष्माच देते आणि कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) म्हणून ट्रॅपमधून निघून जाते. ७ किलोला तो ४९० धरा (५४० नव्हे, दाब वाढला की अप्रकट उष्मा घटतो). म्हणजे २४५ किलो वाफ, पण अर्ध्या तासात. तासाचा दर झाला ४९०.

‘तासाला २४५’ असं लिहून पुढे जाणारे खूप भेटतात. बॉयलरला सरासरीशी देणंघेणं नसतं, दोन मशीन एकाच वेळी तापायला लागल्या की त्या क्षणीचा दर त्याला द्यावा लागतो.

सगळ्या मशीनची अशी यादी करा, एका वेळी किती चालू असतात ते प्रॉडक्शनच्या माणसाकडून खरं खरं काढून घ्या, लाइनमधला तोटा मिळवा. मग जी प्रत्यक्ष वाफ येईल तिला (६६१ − फीड) ने गुणून ५४० ने भागा. समजा गरज १,८०० किलो आणि फीड ३० अंश: १,८०० × ६३१ ÷ ५४० = २,१०३. दोन टनी बॉयलर पुरणार नाही.

नेमका हाच प्रसंग एका ओळखीच्या प्रोसेस हाउसमध्ये घडला. गरज १,८०० ची, बॉयलर दोन टनी ‘एफ अँड ए’, फीड सरळ सॉफ्टनरचं. प्रत्यक्षात वाफ १,७११. कागदावर दोनशे किलो शिल्लक, जागेवर नव्वद किलो तूट. दोन मशीन एकदम तापायला लागल्या की दाब पडायचा, दाब पडला की पाणी वाफेबरोबर उचललं जायचं आणि तिकडे कापडाच्या रंगाची छटा बदलायची. दुसऱ्या बॉयलरची चौकशीही सुरू झाली होती. त्याऐवजी गटारात जाणारं कंडेन्सेट टाकीत आणलं, टाकीला इन्सुलेशन केलं, फीड ८० अंशांपर्यंत गेलं. त्याच बॉयलरमधून १,८५९ किलो निघायला लागली.

मात्र पाणी गरम करण्यापूर्वी फीड पंप बघा. टाकी आणि पंप एकाच पातळीवर असतील तर ८५-९० अंशांचं पाणी पंपाच्या तोंडाशीच वाफ धरतं, पंप खडखडतो आणि पाणी उचलत नाही. टाकी उंचावर घ्यावी लागते. किती उंच, ते पंपवाल्याकडूनच लिहून घ्या. बाकी गरम फीडचा फायदा दुहेरी: फीड सहा अंशांनी वाढलं की इंधन सुमारे एक टक्का वाचतं आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी झाल्याने ट्यूबही कमी गंजतात.

६. कोटेशनमधले सापळे

सगळ्यात मोठा सापळा इंधनाच्या आकड्यात असतो. ‘एक किलो तेलात सतरा किलो वाफ’ असं कुणी म्हणालं तर ते खोटं नाही: १०,७०० × ०.८५ ÷ ५४० केलं की १६.८ येतात. पण तुमच्या ३० अंशांच्या पाण्यावर तेच ६३१ ने भागावं लागतं आणि येतात १४.४. ब्रिकेटचंही (भुसा-कचरा दाबून केलेल्या कांड्यांचं) तसंच. उष्मांक ३,८०० आणि कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ‘एफ अँड ए’ वर ४.९, प्रत्यक्षात ४.२. दोन विक्रेत्यांपैकी एकाने एक भाजक वापरला आणि दुसऱ्याने दुसरा, तर प्रामाणिक माणूस महाग ठरतो.

म्हणून सगळ्यांना एकच कागद पाठवा आणि उत्तरं लेखी मागा:

- क्षमता ‘एफ अँड ए’ वर की प्रत्यक्ष? प्रत्यक्ष असेल तर कुठल्या दाबाला, कुठल्या फीडला?
- कार्यक्षमता इंधनाच्या ग्रॉस उष्मांकावर की नेट (धुरातल्या वाफेबरोबर जाणारी उष्णता वगळून)? नेटवर ती नेहमी जास्त दिसते.
- क्षमता कुठल्या इंधनावर? तेलावर तीन टन देणारा बॉयलर ओल्या लाकडावर तेवढं देईल असं धरू नका.
- वाफेचा कोरडेपणा किती टक्के, याची हमी आहे का?
- इकॉनॉमायझर क्षमतेत धरलाय की वेगळा?

७. सरकारी कागद आणि टन

१९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा नवा आला, तरी कायद्याच्या कागदावर तुमचा बॉयलर ओळखला जातो तो आधी त्याच्या हीटिंग सरफेसवरून (पाण्याला ताप देणाऱ्या पृष्ठभागावरून), चौरस मीटरमध्ये. आपल्याकडे बाष्पके संचालनालयाच्या नोंदणीची फी त्यावरच ठरते. ‘एफ अँड ए’ चे टन आणि चौरस मीटर यांचं ठरलेलं गुणोत्तर नाही. बॉयलरचा प्रकार आणि इंधन बदललं की ते बदलतं, तेव्हा एकावरून दुसरं अंदाजाने लिहू नका.

फाइलमध्ये हे एकत्र ठेवा: चालू वर्षाचं बॉयलर प्रमाणपत्र, निर्मात्याची नोंदणीसाठीची कागदपत्रं आणि ड्रॉइंग, बर्नरचं डेटा शीट, सेफ्टी व्हॉल्व्हचं प्रमाणपत्र, आणि वरच्या तिसऱ्या पायरीचा हिशेब तुमच्या आकड्यांनी केलेला, तारीख टाकून. सेफ्टी व्हॉल्व्हच्या कागदावर किलो प्रति तास असे आकडे असतात. ते त्या व्हॉल्व्हमधून ठरलेल्या दाबाला खरोखर सुटणाऱ्या वाफेचे असतात. नेमप्लेटच्या ‘एफ अँड ए’ शी ते जुळले नाहीत म्हणून घाबरून जाऊ नका.

लॉगबुकात आजच एक रकाना वाढवा: फीडचं तापमान, दर तासाला, हातातल्या थर्मामीटरने. नेमप्लेटच्या आकड्याचं काय करायचं ते त्या रकान्यावरून कळेल.